हृदयाचा आजार आणि मातीची भिंत

मंडळी, शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाशी संबंध तसा दूरचाच. पण गेले दोन महिने एका आजाराविषयी मिळेल ते वाचते आहे. त्याचं नाव शागास. आपल्याकडे तो पसरत नाही, म्हणून फारसा कुणाला ठाऊक नाही. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत मात्र त्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मुक्काम आहे.

वाचायला लागले ते भाचीमुळे. ती ह्यूस्टनला असते. तिच्या शेजारी एल साल्वाडोरची एक बाई राहते, पन्नाशीची. चक्कर येऊन दोनदा पडली, तेव्हा ठोके फार मंद निघाले आणि पेसमेकर बसवावा लागला. डॉक्टरांनी तिला विचारलं, "लहानपणी तुमचं घर कसलं होतं?" हृदयाच्या डॉक्टरानं घराची चौकशी करावी, याचं मला मोठं नवल वाटलं!

उत्तर शंभर वर्षं मागे, ब्राझीलमध्ये सापडलं. कार्लोस शागास हे तरुण डॉक्टर रेल्वेच्या कामावरच्या मजुरांमधला हिवताप आवरायला लासान्स या गावी गेले होते. तिथे कुडाच्या घरांत रात्री भिंतीच्या भेगांतून एक किडा निघायचा आणि झोपलेल्या माणसाचं रक्त प्यायचा. आपल्या ढेकणाचाच मोठा भाऊ म्हणा ना. बहुधा चेहऱ्याला चावतो म्हणून लोक त्याला 'बार्बेरो', म्हणजे न्हावी, म्हणत. शागास यांना किड्याच्या आतड्यात एक सूक्ष्म जीव दिसला. मग १४ एप्रिल १९०९ रोजी तोच जीव बेरेनिसे नावाच्या दोन वर्षांच्या तापलेल्या मुलीच्या रक्तात सापडला. एरवी आधी रोग दिसतो आणि मग कारण सापडतं, इथे उलटं घडलं.

किडा चावल्यावर तिथेच विष्ठा टाकतो. माणूस झोपेत खाजवतो आणि जंतू आत शिरतात. थोडा ताप येतो, जातो. मग वीस-तीस वर्षं काहीच नाही. पण साधारण दहातल्या तिघांच्या हृदयात आतल्या आत नासधूस चाललेली असते. स्नायूच्या जागी वण येतात, ठोक्यांचा संदेश नेणारी वाट तुटते, हृदय फुगून ढिलं पडतं. कुणी दम लागून अंथरूण धरतो, कुणी चालता चालता जातो.

जंतू मारणारी औषधं आहेत. संसर्ग ताजा असेल, तर जवळजवळ सगळे बरे होतात. पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं, की हृदय एकदा बिघडलं की औषधानं जंतू कमी होतात, हृदयाची घसरण मात्र थांबत नाही. म्हणजे जे करायचं ते काही होत नसतानाच करायला हवं.

आता त्या बाईची मुलगी. वय अठ्ठावीस, लग्न ठरलंय. हा संसर्ग आईकडून पोटातल्या बाळालाही जाऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिला रक्त तपासायला सांगितलं. ती तयार नाही. म्हणते, "मी ठणठणीत आहे. शिवाय माझी आजी त्याच घरात ऐंशी वर्षं जगली."

तिचं अगदीच खोटं नाही हो. त्या बेरेनिसेनंही सत्तरी ओलांडली! कित्येक दशकांनी तिच्या रक्तात जंतू पुन्हा सापडले, पण हृदय शाबूत होतं. हे वाचून मलाच आधी बरं वाटलं, मी तिच्याच वयाची ना. मग वाटलं, वाचलेल्यांची गोष्ट सांगायला घरात आजी असते. जे चाळिशीत गेले, त्यांची गोष्ट कोण सांगणार? दहातली सात आपल्यासारखी धडधाकट दिसतात, म्हणून तर उरलेली तीन तपासायची राहतात.

भिंतींचं म्हणाल, तर ते काम पुष्कळ झालंय. १९९१ पासून दक्षिणेकडच्या देशांनी मिळून घरं फवारली, सुधारली. १९९७ मध्ये उरुग्वेत या किड्यामार्फत होणारा प्रसार थांबल्याचं जाहीर झालं. पण गिलावा केल्यानं आधी रक्तात शिरलेलं बाहेर येत नाही. त्याला एक सुई लागते आणि थोडं धाडस.

भाचीला मी एवढंच सांगितलंय, "तिला धाक घालू नकोस. त्या दिवशी सोबत जा." तपासायला जायची भीती अर्धीअधिक एकटं जाण्याचीच असते, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?