तेव्हा बघायला कोण होतं?

माझा विषय इतिहास. मराठी माध्यमातून बी.ए. केलं आणि तालुक्याच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवण्यात उभी नोकरी गेली. दरवर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर एक वाक्य लिहायचो – पुरावा नाही तर इतिहास नाही. शिलालेख, ताम्रपट, नाणी. बखर असेल तर ती लिहिणारा तिथे होता का, हे आधी विचारायचं. त्या वाक्याचा मला फार अभिमान होता.

1987 सालची गोष्ट. नववीला सूर्यमाला शिकवताना ओघाओघात विश्वाच्या जन्मावर आलो. आधी महास्फोट, मग तारे, मग आपली पृथ्वी. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, तेव्हा बघायला कोणीच नव्हतं ना? मग हे लिहून कोणी ठेवलं?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "शहाणपणा पुरे. सांगितलंय तेवढं पाठ कर."

तो खाली बसला. वर्षभरात त्याने पुन्हा काही विचारलं नाही. माझंच वाक्य त्याने माझ्यापुढे ठेवलं होतं, हे मला रात्री जेवताना उमगलं. आणि उत्तर मला येत नव्हतं.

निवृत्तीनंतर वाचायला लागलो. जयंत नारळीकरांच्या मराठी पुस्तकांनी बोट धरलं. गंमत म्हणजे 2025 साली आपल्यातून गेलेले नारळीकर महास्फोटाच्या सिद्धांतावर अखेरपर्यंत शंका घेत राहिले. बहुतेक शास्त्रज्ञ तो मानतात, तरीही! पुरावा तपासणं म्हणजे काय, ते त्यांच्याकडून शिकावं.

तर त्या मुलाचं उत्तर असं. लिहून ठेवलंय ते प्रकाशाने. देवयानी दीर्घिकेचा आज दिसणारा प्रकाश तिथून सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय. आकाश हेच आपलं दप्तरखाना. 1929 साली हबलने दाखवून दिलं, की दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगाने ती आणखी दूर जातेय. हा एक साक्षीदार. दुसरा 1964 साली अमेरिकेत सापडला. पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनात सतत एक खरखर येत होती. कबुतरांची घाणसुद्धा साफ करून झाली, पण खरखर जाईना. विश्व जेमतेम 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना सुटलेल्या प्रकाशाची ती खूण होती. आज विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं धरतात.

त्याच 1987 साली रविवारी सकाळी रामायण बघायला अर्धं गाव एका टीव्हीसमोर बसायचं. चित्र गेलं की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि कोणीतरी अँटेना फिरवायला छपरावर चढायचं. त्या मुंग्यांमधला थोडासा, शेकड्यात एखादा हिस्सा, त्याच प्राचीन प्रकाशाचा होता. म्हणजे पुरावा गावातच होता. मलाच वाचता येत नव्हता.

मागच्या वर्षी एका लग्नात तो भेटला. आता पन्नाशी उलटलेला, हार्डवेअरचं दुकान. वाकून नमस्कार केला. मी म्हणालो, "तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर देणं राहिलंय."

"कुठला प्रश्न, सर?"

त्याला काहीच आठवत नव्हतं. मी सांगत गेलो, तो ऐकत गेला. मध्येच त्याने अकरावीतल्या लेकीला हाक मारली, "इकडे ये गं, सर काय सांगतायत बघ."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण आजोबा, तो प्रकाश सुटायच्या आधीचं कसं कळतं?"

"तेव्हा सगळं दाट धुक्यासारखं होतं. प्रकाश बाहेर पडूच शकत नव्हता. हायड्रोजन-हेलियमच्या प्रमाणावरून थोडा अंदाज येतो."

"आणि त्याच्याही आधी?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "कोणालाच अजून नक्की माहीत नाही. विचारत राहा."

छत्तीस वर्षं वर्गात उभा होतो. हे उत्तर तेव्हाही देता आलं असतं.