विसाव्याचा नियम

खाशाबा जाधवांचे नाव निघाले की माझे ८४ वर्षांचे वडील आजही ताठ बसतात. तरुणपणी अण्णांनी जत्रांच्या आखाड्यांत कुस्त्या केल्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा तेव्हापासून त्यांचे दैवत.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अण्णांना मात्र त्यातली एक गोष्ट अजून सलते. जपानी मल्लाशी झालेल्या दीर्घ झुंजीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले. मध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. परंतु तो सांगायला आपला एकही अधिकारी तेथे नव्हता. थकलेले खाशाबा हरले.

गेल्या वर्षी माझ्या हातून तेच घडले. अंथुर्ण्याहून एस.टी.ने आम्ही तपासणीसाठी बारामतीला गेलो. दोन जिने चढून धापा टाकत अण्णा खुर्चीवर टेकले, तोच त्यांचा रक्तदाब मोजला गेला. तो जास्त भरला, गोळी वाढली. मी गप्प राहिलो. आठवडाभरात पहाटे उठताना चक्कर येऊन ते गोठ्यापाशी पडले. हाड वाचले, हे नशीब.

खाटेवर पडल्या पडल्या ते म्हणाले, "अरे, खाशाबांच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. तू तर शेजारीच उभा होतास."

पुढच्या खेपेस मी आधी पाच मिनिटे मागून घेतली. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता अण्णा बसले. मग मोजलेला दाब बराच कमी होता. चक्कर येऊन पडल्याचेही मी सांगितले. डॉक्टरांनी उभे करून पुन्हा दाब मोजला आणि गोळी कमी केली.

आपणही वडीलधाऱ्यांना घेऊन जाल तेव्हा चालू गोळ्यांची चिठ्ठी जवळ ठेवा. चक्कर, पडणे, अपुरी झोप हे न विचारताही सांगा. गोळी मात्र स्वतःहून कमी-जास्त करू नका. आणि मोजण्याआधी पाच मिनिटांचा विसावा मागताना संकोच बाळगू नका. थकलेल्या माणसाला स्वतःसाठी तो मागता येतोच असे नाही.