शनिवारची मंडळी प्रवासास निघते

आमच्या चर्चच्या मागील बाजूस एक कौलारू पडवी आहे. पूर्वी तीत फेस्ताच्या मांडवाचे वासे आणि मोडकी बाके ठेवीत. गेली सहा वर्षे मात्र दर शनिवारी सायंकाळी तेथून पटाशीवर मोगरी पडल्याचा ठक्‌ठक्‌ असा आवाज येतो. नवखा पाहुणा विचारतो, ‘‘फादर, सुतार लावले आहेत काय?’’ आम्ही सांगतो, ‘‘लावलेला एकही नाही. आपणहून आलेले मात्र दहा-बारा आहेत.’’

ही आमची लाकूडकामाची मंडळी. तिला ना अध्यक्ष, ना वर्गणी. पाच-सहा शेतकरी, एक निवृत्त गुरुजी, एक बसचालक आणि हायस्कुलात शिकणाऱ्या दोन मुली असे हे लोक आहेत. त्यांचे गुरू म्हणजे शेजारच्या वाडीतील सुतारबाबा. त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढचे आहे. ते आमच्या धर्माचे नव्हेत. परंतु आमच्या निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या आहेत, त्यामुळे त्यांना परके म्हणण्याचे कोणाला सुचलेले नाही. मंडळीचे नियम तीनच. पटाशीची धार नेहमी स्वतःकडून दूर धरावी. दुसऱ्याचे हत्यार घेतले तर धार लावून परत करावे. आणि जो हजर नाही त्याच्याविषयी बोलू नये. शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण, असे गुरुजी म्हणतात. चहा पाळीपाळीने एकेका घरून येतो. पळ्या, उलथणी, पोळपाट, मुलांच्या बैलगाड्या आणि नाताळच्या गोठ्यातील मेंढरे असे साधेच काम येथे होते.

या मंडळीत दोन सख्खे भाऊ आहेत. शेताच्या बांधावरून त्यांचे चार वर्षे बोलणे नव्हते. थोरला पडवीच्या एका टोकाला बसे, धाकटा दुसऱ्या टोकाला. धार लावण्याचा चांगला दगड थोरल्याकडे होता. धाकट्याला तो हवा असला की तो मध्ये बसलेल्या मुलीला सांगे, मुलगी थोरल्याकडून दगड आणी, आणि काम झाल्यावर तो त्याच वाटेने परत जाई. आम्ही दोघांनाही अनेकदा समजावून पाहिले होते. आमच्या शब्दांचा उपयोग झाला नाही, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका रात्री चर्चमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दिवा घेऊन पाहतो तो बाजूच्या भिंतीवरील मोठ्या क्रुसावरील प्रभूचा उजवा हात खाली पडलेला! मूर्ती फणसाच्या लाकडाची व जुनी. भिंतीतील ओल खांद्यापर्यंत पोचली होती आणि ओलीच्या मागोमाग वाळवी आली होती. पडलेला हात उचलला तर तो पोकळ नळीसारखा हलका लागला, आणि बोटे आमच्या मुठीतच भुगा होऊन गेली.

गावची सभा भरली. पुष्कळांचे मत पडले की नवी फायबरची मूर्ती आणावी. तिला वाळवी लागत नाही. आखाती देशात नोकरी करणाऱ्या एका कुटुंबाने सर्व खर्च देऊ केला. त्यांची भावना निर्मळ होती. सुतारबाबांना मूर्ती तपासण्यासाठी बोलावले होते. त्यांनी खिळ्याने जागोजागी टोचून पाहिले आणि म्हणाले, ‘‘बाकीचे अंग शाबूत आहे. एका हातासाठी कोणी माणूस बदलतो काय?’’ सभा गप्प झाली. मग आपला उजवा हात पुढे करून ते पुढे म्हणाले, ‘‘पण हा हात आता कापतो. दारे-खिडक्या होतील, बोटे व्हायची नाहीत. ती या पोरांनी करावीत. आधी चांगले हात कसे असतात ते पाहून यावे.’’ पुण्य शुक्रवारपर्यंत हात बसला नाही तर नवी मूर्ती आणावयाची, असे ठरले.

अशा रीतीने फेब्रुवारी महिन्यात एका लहान गाडीत बसून मंडळी दोन दिवसांच्या प्रवासास निघाली. आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेस आहे, म्हणून आंबोलीच्या घाटाने उतरणे सोयीचे होते. आंबोली म्हणजे पावसाचे माहेरघर. परंतु त्या दिवसांत धबधब्यांच्या जागी काळे ओले कडे तेवढे दिसत होते. सुतारबाबा पुढच्या बाकावर बसून झाडे ओळखीत होते, जणू काय वाटेवर नातेवाईकच भेटत होते. ‘‘हा शिवण. हा ऐन. तो पाहा पांगारा!’’ पांगाऱ्यावर पान नव्हते. सारे झाड तांबड्याभडक फुलांनी पेटले होते. एका मुलीने विचारले, ‘‘बाबा, याचे दार होते का?’’ बाबा हसून म्हणाले, ‘‘दार नाही होत. फार मऊ. पण जे दार होत नाही त्याचे काय होते, ते खाली गेल्यावर बघ.’’

सावंतवाडी हे मोती तलावाभोवती वसलेले टुमदार शहर. तलावाच्या काठी राजवाडा आणि बाजारात चितारआळी. या आळीत शिरताच मुलींचे पाय थबकले. टोपल्यांत आंबे, केळी, सीताफळे, कारली व मिरच्या रचून ठेवलेल्या. आणि सारे काही लाकडाचे! कारल्यावरचे खवले आणि आंब्याच्या देठाजवळची पिवळसर छटासुद्धा सुटलेली नव्हती. रंगीत पाट, भातुकली, बाहुल्या, भोवरे हे निराळेच. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी येथे पूर्वापार होत आली आहेत, हे ऐकून त्या मुलीला आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

एका कारागिराने आम्हां सर्वांना आपल्या कारखान्यात बसू दिले. कातणीवर लाकडाचा ठोकळा गरगर फिरत होता. पटाशी लावताच त्याची साल धाग्यासारखी सुटत गेली आणि पाहता पाहता लहानशी डबी आकारास आली. मग त्याने रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली. जवळ विस्तव नव्हता. घर्षणानेच लाकूड तापते, त्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर सारखी पसरते. तिला पानाने घोटले की आरशासारखी चकाकी येते. आमचा बसचालक म्हणाला, ‘‘ब्रेक तापतात तसेच हे!’’ कारागिराला ही उपमा इतकी आवडली की त्याने ती डबी त्यालाच दिली आणि पैसे घेतले नाहीत.

दुपारी राजवाड्यात गंजिफा पाहिल्या. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेली गोल पत्ती. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस पत्ती असतात. ही कला एके काळी मरणपंथास लागली होती. पुंडलिक चितारी नावाच्या वृद्ध कारागिराला ती अवगत होती. राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्याच्याकडून ती स्वतः शिकून घेतली, राजवाड्यातच कारागीर बसविले आणि विद्या वाचविली. ही हकीकत ऐकताना सुतारबाबा एका खांबाला टेकून उभे होते. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, ‘‘फादर, तो म्हातारा भाग्यवान. त्याच्याकडे विचारायला कोणीतरी आले.’’ त्यांचे दोन्ही मुलगे शहरांत नोकरीला आहेत आणि कोणीही पटाशी धरलेली नाही, हे आम्हांस ठाऊक होते. त्या रात्री आम्हांस झोप उशिरा लागली.

दुसऱ्या दिवशी बांद्यावरून पत्रादेवी ओलांडून मंडळी जुन्या गोव्यास पोचली. बॉम जेझू बासिलिकेचे काम 1594 साली सुरू झाले आणि 1605 साली तिचे अभिषेचन झाले. बाहेरून तांबूस जांभ्या दगडाची ही इमारत साधी दिसते. आत मात्र सोन्याचा मुलामा दिलेली कोरीव वेदी छतापर्यंत चढत गेली आहे. यात्रेकरूंची गर्दी संत फ्रान्सिस झेविअर यांच्या पेटीकडे असते. आमच्या मंडळीनेही तेथे गुडघे टेकले. परंतु नंतर सर्वजण जे प्रवचनपीठाखाली जमले ते हलेचनात. त्याच्या बाजूंवर प्रभू येशू, चार शुभवर्तमानकार व चार धर्मपंडित कोरले आहेत, आणि तळाशी सात आकृती सारा भार पेलल्यासारख्या आहेत. आम्ही धर्मगुरू लोक प्रवचनपीठाकडे पाहतो ते वर चढण्यासाठी. सुतारबाबांनी ते खालून पाहावयास शिकविले. ‘‘वरचा बोलतो,’’ ते म्हणाले, ‘‘पण त्याला उचलून धरणारे खालचे.’’

हे काम कोणी केले? नावे कोरलेली नाहीत. एवढे मात्र निश्चित की गोव्यातील पुष्कळशा मूर्ती आणि वेद्या येथल्याच कारागिरांच्या हातच्या आहेत, आणि त्यांतले कित्येक हिंदू होते. अख्रिस्ती कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करून घेऊ नयेत असे ठराव सोळाव्या शतकात येथील धर्मसभेने केले होते. तरीही काम त्यांच्याचकडे जात राहिले, कारण हात त्यांचा होता. म्हणूनच गोव्यातील काही प्रवचनपीठांच्या तळाशी नागकन्यांसारख्या आकृती दिसतात. आम्ही हे सांगितले तेव्हा सुतारबाबा म्हणाले, ‘‘म्हणजे मी काही पहिला नव्हे!’’

सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ते 1994 साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि 2002 साली येथे आले. हस्तिदंत, चांदी व लाकूड यांच्या मूर्ती तेथे अगदी जवळून पाहावयास मिळतात. क्रुसावरील एका प्रभूच्या मूर्तीपाशी आमच्या एका मुलीला खांद्यावर केसाएवढी बारीक रेघ दिसली. ‘‘बाबा, येथे जोड आहे!’’ मग बाबांनी तेथेच धडा दिला. धडाचे लाकूड उभे असते, त्याचे तंतू वरून खाली धावतात. त्याच ओंडक्यातून आडवा हात कोरला तर तंतू हाताला आडवे पडतात आणि हात कोठेही कडकन मोडतो. म्हणून हात निराळ्या लाकडाचा, ज्याचे तंतू खांद्याकडून बोटांकडे जातात असा करतात आणि कुसू काढून खांद्यात बसवितात. आपला हात पडला तो जोडावर पडला. जोड होता म्हणूनच धड वाचले. थोरला व धाकटा असे दोघेही हे ऐकत उभे होते, पण मध्ये मुलगी होतीच.

चोर्ल्याच्या घाटाने परत आलो आणि कामास लागलो. गुरुजींच्या जुन्या घराची फणसाची तुळई पडून होती. पन्नास वर्षांचे वाळलेले लाकूड. त्याला आता फाटण्याचे भय नाही. ओले लाकूड कितीही चांगले असले तरी सावलीत सावकाश वाळल्याखेरीज मूर्तीस घेऊ नये. सुतारबाबांनी कामाची वाटणी केली. दंड व कुसू थोरल्याने करावे, खांद्याची खाच साफ करून धाकट्याने ती जुळवावी, आणि बोटे मुलींनी. ही वाटणी त्यांनी मुद्दाम केली की सहज, हे आम्ही विचारले नाही.

कुसू आणि खाच ही दोन माणसांनी मुक्याने करावयाची कामे नव्हेत. तिसऱ्या शनिवारी धाकटा खांद्यापाशी शिडीवर, थोरला खाली. कुसू अडला. धाकटा भिंतीकडे पाहत म्हणाला, ‘‘वरून केसभर जास्त आहे.’’ थोरल्याने कुसू कानशीने घासला. ‘‘आता?’’ ‘‘अजून थोडे.’’ ‘‘आता?’’ ‘‘आता बसला, दादा.’’ पडवीतील सारे पाय न वाजवता दारात येऊन उभे होते. कोणी काही बोलले नाही, आणि आम्हीही नाही. बांधाचा वाद आजही मिटलेला नाही. पण दगड आता हातोहात दिला जातो.

पुण्य शुक्रवारी क्रूस आपल्या जागी होता. ओल लागू नये म्हणून तो भिंतीपासून चार बोटे पुढे घेतला आहे. नवा हात जुन्या अंगापेक्षा फिका दिसतो. रंग देऊन तो लपवावा असे काहींचे म्हणणे होते. सुतारबाबांनी नको म्हटले. लाकूड आपोआप काळवंडते, त्याला वेळ द्यावा. इतर गावांतील आमच्या वाचकांनाही आमची विनंती आहे की जुन्या मूर्ती खरडून त्यांवर तैलरंग चढवू नयेत, आणि जाणत्या माणसाला दाखविल्यावाचून टाकूनही देऊ नयेत. ज्या कुटुंबाने नवी मूर्ती देऊ केली होती, त्यांनी तेच पैसे पडवीचे छप्पर दुरुस्त करण्यास दिले.

उपासना संपल्यावर सुतारबाबा दाराशी उभे असलेले दिसले. त्यांना आम्ही क्रुसापाशी नेले. त्यांनी आपल्या कापऱ्या बोटांनी नवी बोटे चाचपली. ‘‘तर्जनी जाड झाली,’’ ते म्हणाले. मुलीचा चेहरा उतरला. बाबांनी हात काढला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘पुढच्या खेपेस बारीक होईल. आता तुला येते.’’

बाबा आता शनिवारी एकटे येऊ शकत नाहीत. थोरला किंवा धाकटा त्यांना हात धरून आणतो. त्यांच्या पटाश्या मात्र पडवीतच राहतात. त्यांना धार लावण्याची पाळी कोणाची, यावरून अलीकडे थोडे भांडण होते. ते आम्ही मिटवीत नाही.