शेगडी, पातेले आणि तासाभराची उकळी

पाणी उकळणे हे स्वयंपाकघरातील सर्वांत साधे काम समजले जाते; म्हणूनच त्याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. अमेरिकेत घरच्या घरी बीअर करणाऱ्या हौशी मंडळींवर मात्र ती पाळी आली. त्यातून त्यांना गवसलेला उपाय म्हणजे अंगणात टर्की तळण्यासाठी विकली जाणारी प्रोपेनची स्वस्त शेगडी आणि तिच्यासोबत मिळणारे अॅल्युमिनियमचे मोठे पातेले.

अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तरी घरी बीअर करण्याची मोकळीक देणाऱ्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची सही व्हायला १९७८ चा ऑक्टोबर उजाडला. या छंदातील रूढ घाणा पाच गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा. तेवढी बीअर हाती यायची, तर माल्टचे पंचवीसेक लिटर गोड पाणी, ज्याला वर्ट म्हणतात, तासभर खळखळून उकळावे लागते.

नवखा माणूस ते पातेले आधी घरातल्या शेगडीवर चढवतो आणि तिथेच अडतो. २५ लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास सुमारे ८,४०० किलोज्यूल उष्णता लागते. शेगडीतून भांड्याला प्रत्यक्षात दोन किलोवॅट मिळत असतील, तर आधण यायलाच ७० मिनिटे जातील. खरी अडचण त्यानंतरची आहे. एका तासात चार लिटर पाणी वाफ होऊन जायला हवे असेल, तर आणखी सुमारे ९,००० किलोज्यूल लागतात. एवढे सगळे पाणी तापवायला लागली, त्याहून अधिक उष्णता त्यातील जेमतेम सहावा हिस्सा आटवायला लागते! त्यासाठी सतत अडीच किलोवॅट हवेत. घरातली शेगडी इथे हरते. वर्ट नुसता कढत राहतो, उकळत नाही.

पण एवढ्या उकळीचा अट्टहास कशासाठी? हॉप्सच्या फुलांतील अल्फा आम्ले मुळात फारशी कडू नसतात. उष्णतेने त्यांच्या रेणूंची रचना बदलते आणि तेव्हा बीअरचा परिचित कडवटपणा उतरतो. ही क्रिया संथ असते. डेन्व्हरसारख्या सुमारे १,६०० मीटर उंचीवरील शहरात पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे तिथे ती आणखी मंदावते. दुसरे कारण वासाचे. माल्टमधील एका घटकापासून तापताना डायमिथिल सल्फाइड तयार होते, आणि त्याला उकडलेल्या मक्यासारखा वास असतो. ते वाफेबरोबर निघून जावे म्हणून पातेले उघडेच ठेवतात. झाकण ठेवले, की थेंबांच्या रूपाने ते पुन्हा आत उतरते. उकळी फुटताना प्रथिनांचा फेसही वर चढतो. दूध उतू जाताना ज्याने पाहिले आहे, त्याला तो क्षण वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अंगणातील शेगडीचे गणित निराळे आहे. तिच्या खोक्यावर ५०,००० बीटीयू असा आकडा असेल, तर तो ताशी धरायचा. म्हणजे सुमारे साडेचौदा किलोवॅट. उघड्यावर ज्योतीची बरीच उष्णता वाऱ्यावर जाते. केवळ ४० टक्के उष्णता भांड्याला पोहोचते असे मानले, तरी सहा किलोवॅटच्या आसपास हाती राहतात. तेवढ्यावर २३-२४ मिनिटांत आधण येते, आणि पुढे ज्योत निम्म्याहून कमी केली तरी भागते. याच हिशेबाने एका घाण्याला सुमारे एक किलो प्रोपेन लागतो. पत्र्याचा आडोसा करून वारा अडवला, की हा खर्च उतरतो; मात्र आडोसा टाकीला तापवणार नाही, अशा बेताने उभा करावा लागतो.

पातेल्याच्या धातूविषयी अनेकांना धास्ती वाटते. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, चिवट थर असतो आणि वर्टच्या सौम्य आम्लतेला तो पुरून उरतो. तो राखायचा, तर तीव्र अल्कली साबण आणि तारेची घासणी टाळलेली बरी. हिंडालियमच्या भांड्यांवर पोसलेल्या घरांना हे अनुभवाने ठाऊक आहेच. उलट, अॅल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या दहापटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे तळाशी गोड पाणी करपण्याचा धोका कमी होतो.

स्वस्ताईला एकच सवलत नाही, ती म्हणजे सुरक्षिततेची. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो; गळला तर तो वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत साचतो. ज्वलन अपुरे झाले, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद गॅरेजमध्ये किंवा काचा लावलेल्या गॅलरीत तो माणसाचा जीव घेऊ शकतो. म्हणून ही शेगडी उघड्या आभाळाखालीच पेटवायची, पाऊस असो वा थंडी. थंडीत प्रोपेन साथही देतो, कारण तो उणे ४२ अंशांना उकळतो. भारतीय सिलिंडरमधील मिश्रणात असलेला ब्युटेन मात्र शून्याच्या आसपासच वायू होणे थांबवतो.

महाराष्ट्रात परवान्याविना मद्य तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याला वर्ट नको. साधे पाणी पुरे. उघड्या पातेल्यात पाणी उकळत ठेवावे, उकळी आल्यावर आणि तासाभराने पातेल्याचे वजन करावे. वजन करताना मोठ्या माणसाची मदत घ्यावी. एक लिटर पाणी आटले असेल, तर भांड्याला किमान ६२७ वॅट मिळाले. शेगडीवर छापलेली क्षमता आणि हा आकडा यांतील फरक म्हणजे वाया गेलेला गॅस.

जेम्स ज्यूल हाही मद्य गाळणाऱ्या घराण्यातलाच. इंग्लंडमधील सॅलफर्ड इथे त्याच्या कुटुंबाची बीअरची भट्टी होती. १८४० च्या दशकात त्याने काटेकोर तापमापकांच्या बळावर उष्णता आणि कार्य यांचे नाते मोजले, आणि आज ऊर्जेचे एकक त्याच्या नावाने ओळखले जाते. अंगणात शेगडीशेजारी वजनकाटा घेऊन उभा असलेला हौशी माणूस त्याच वाटेने चालत असतो. त्याच्याकडचे साहित्य स्वस्त असेल. मोजमाप तसे असून चालत नाही.