टेबलाच्या काचेला गेलेला तडा



मागच्या महिन्यात आम्ही श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना एक मुक्काम म्हैसूरला पडला. एरवी आम्ही धर्मशाळेतच उतरतो, पण डोंगर चढून आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे धरले होते. म्हणून लिफ्टचं हॉटेल बघितलं.

आई गाळून उकळलेलंच पाणी पितात, तेही सूर्यास्ताच्या आत. खोलीत शिरल्या शिरल्या मी तिथल्या किटलीत पाणी उकळलं, सोबतच्या पातेल्यात ओतलं आणि पातेलं टेबलावर ठेवलं. टेबलावर काच होती, एसीने गार पडलेली. क्षणात ‘टच्च’ आवाज झाला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा!

खरं सांगते, पहिला विचार लपवण्याचाच आला. चहाचा ट्रे ठेवला की तडा झाकला जात होता. पहाटे निघायचं होतं, कोण बघतंय? हेही म्हणाले, “एवढं भाडं घेतात, एक काच त्यांना काय जड आहे?”

आई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, “अगं, मघाशी टॉवेल द्यायला आला तो पोरगा, उद्या त्यालाच विचारतील.”

मी गप्प झाले. न दिलेलं घेऊ नये, हे अचौर्य व्रत आपण लहानपणापासून ऐकतो. पण कुणाचं नुकसान करून न सांगता निघून जाणं म्हणजे तरी दुसरं काय? शिवाय भरपाई एखाद्या गरिबाच्या पगारातून जाणार!

खाली जाऊन सांगितलं. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, “दोन हजार होतील.” मी विचारलं, “काचेचे की अख्ख्या टेबलाचे? टेबल तर शाबूत आहे.” त्यांनी काचवाल्याला फोन लावला. नऊशे ठरले. पैसे दिले, पावती घेतली आणि ‘त्या मुलाची काही चूक नाही’ हेही त्यांना सांगितलं.

मग त्यांनीच मोकळेपणाने सांगितलं. पेला, कप चुकून फुटला तर ते सहसा सोडून देतात. चादरीवरचा डाग धुऊन निघाला तर प्रश्न नाही, नाही निघाला तर चादरीचे पैसे लावतात. टीव्ही, आरसा, गादी अशा मोठ्या वस्तूंची भरपाई मात्र घेतात, डिपॉझिटमधून कापून किंवा शेवटच्या बिलात लावून. प्रत्येक हॉटेलचे नियम वेगळे, म्हणून आधीच विचारलेलं बरं.

आता मी काय करते सांगू? खोलीत शिरताच आधीचे डाग, तडे दिसले तर मोबाईलवर फोटो काढून लगेच कळवते. आपल्या हातून काही झालं तर निघायची वाट न बघता सांगते. दुरुस्ती होत असेल तर नव्या वस्तूचे पैसे का, हे नम्रपणे विचारते. पावतीशिवाय पैसे देत नाही. आणि गरम पातेल्याखाली चौपदरी फडकं!

नऊशे रुपये गेले, वाईट वाटलंच. पण रात्री सामायिकाला बसले तेव्हा मन त्या टेबलाकडे एकदाही गेलं नाही.

तुमच्या हातून प्रवासात असं काही झालंय का? तेव्हा तुम्ही काय केलंत, नक्की कळवा.