परदेशातल्या मीटिंगला कोण जातं?



पोरगं संगणक शिकलं, हिंजवडीत नोकरीला लागलं, १४ एप्रिलला भरघोस वर्गणी देऊ लागलं की आपला प्रश्न सुटला, असं चळवळीत अजूनही अनेकजण मानतात. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं, वस्तीत काम करते. सॉफ्टवेअरमधलं मला काही कळत नाही. पण माझा धाकटा भाऊ त्याच धंद्यात आहे आणि गेली चार वर्षं त्याची बॅग सतत भरलेलीच असते.

तो कोड लिहीत नाही. कंपनीचं उत्पादन घेऊ शकेल असा ग्राहक गाठणं, तिकडे ते विकेल-बसवेल अशा स्थानिक भागीदाराशी बोलणी करणं, हे त्याचं काम. कधी फ्रँकफर्ट, कधी लंडन, कधी न्यू जर्सी. अमेरिकेच्या बी-१ व्हिसावर बैठक, कराराची बोलणी, परिषद एवढंच करता येतं. तिथे बसून नोकरी करता येत नाही. शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. म्हणून सतत ये-जा.

यात काय एवढं? एवढंच, की कोड लिहिणारा बदलता येतो, ग्राहक ओळखणारा सहसा बदलत नाहीत. उद्या तोच संचालक होतो, किंवा ओळखींच्या बळावर स्वतःची कंपनी काढतो. म्हणजे विमानात कोण बसणार हे ठरतं तेव्हा मालक कोण होणार हेही बरंचसं ठरत असतं. आणि या निवडीला ना परीक्षा, ना गुणवत्ता यादी. 'क्लायंटसमोर उभा करता येईल असा' एवढाच निकष. उच्चार, बूट, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा. पिअर बोर्द्यूने याला सांस्कृतिक भांडवल म्हटलं. आपल्याकडे ते आडनावासोबत वारशाने येतं. गोलमेज परिषदेला बाबासाहेब आणि रेट्टमलै श्रीनिवासन गेले, तेव्हाही आमच्या वतीने कोण बोलणार हाच मुद्दा होता ना?

पैशांचं तर कुणी बोलतच नाही. भावाच्या पहिल्या कंपनीत तिकीट कंपनीचं, पण हॉटेल, टॅक्सी, जेवण आधी स्वतःच्या खिशातून. बिलं दिली की महिना-दीड महिन्याने परतफेड. सहकाऱ्यांचे वडील तेवढे पैसे सहज फिरवायचे. आमच्या घरी आईने भिशी उचलली, तेव्हा हा जर्मनीला गेला. नियम सर्वांना सारखाच होता, बरं का!

मग भागीदार. परदेशातले बरेच भागीदार आपलेच देशबांधव असतात. न्यू जर्सीत एकाने सूप येईपर्यंत तीनदा विचारलं, मूळ गाव कुठलं, आडनाव कुठल्या भागातलं, घरी काय खाता. भावाने सगळं सरळ सांगितलं. कुणी अपमान केला नाही. फक्त पुढच्या मीटिंगचं बोलावणं त्याच्या कनिष्ठाला आलं. 'ताई, यात सिद्ध काय करणार?' तो म्हणाला. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीभेदावर कायद्याने बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, तर गव्हर्नर न्यूसम यांनी त्याच ऑक्टोबरात ते नाकारलं. पण न आलेल्या बोलावण्याची फिर्याद कुठे नोंदवायची?

आमच्याच बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, इकडे माणसं गटारात मरताहेत आणि तुम्हाला विमानाचं पडलंय. त्यांचा राग मला समजतो, मी सफाई कामगारांच्या वस्तीतच काम करते. पण त्याच कामगारांची पोरं आज संगणकाच्या वर्गात बसलीत. केंद्र सरकारच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के हिस्सा ठरलेला आहे. फ्रँकफर्टच्या ग्राहकावर तो लागू नाही. खासगी नोकरीत आरक्षण नाहीच. मग या पोरांनी जन्मभर दुसऱ्याच्या मीटिंगसाठी स्लाइडच बनवायच्या का?

तर विहारात दर रविवारी आम्ही ग्राहकाशी इंग्रजीत बोलण्याचा सराव घेतो. भाऊ गावात असला तर तो आडमुठा ग्राहक होतो, आणि त्याला ते फारच छान जमतं. शिवाय ८० हजारांचा फिरता निधी उभा केला आहे: बिल पास होईपर्यंत प्रवासाला उचल, व्याज नाही. आतापर्यंत दोघांनी घेतली. एका मुलीने पूर्ण फेडली. दुसऱ्याचे २२ हजार बाकी आहेत, कारण त्याच्या कंपनीने टॅक्सीची पावती मराठी नावाच्या चालकाची कशी, म्हणून बिल अडवून ठेवलं आहे.