हलकी लागणारी मूठ

माघात आमच्या माजलगावात जिनिंगचा हंगाम ऐन भरात असतो. कापसाने शीग भरलेल्या ट्रॉल्या, रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना लटकलेले पांढरे पुंजके, आणि हवेत सहज डोळ्यांना न दिसणारे रुईचे तंतू. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मला वाटायला लागलं की आपल्या अंगात जोर येतोय. पहाटे साडेपाचला मी रोइंग मशीनवर बसायचो, मूठ ओढायचो आणि ती महिन्याभरापूर्वीपेक्षा चांगली हलकी लागायची. साठी ओलांडलेल्या माणसाला याहून गोड काय वाटणार? आठ-दहा दिवस मी त्या आनंदात होतो.

खटकत होती ती एकच गोष्ट. ओढ हलकी झाली होती, पण अर्ध्या तासात मीटर तेवढेच पडत होते. एखाद्या दिवशी शे-दोनशे कमीच.

हे मशीन आमच्या घरी आलं 2021 साली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. 2019 ला निवृत्त झालो आणि पाठोपाठ गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली. अंबाजोगाईच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि सांगितलं, झीज आहे, डांबरी रस्त्यावर चालणं कमी करा, अंगाचं वजन गुडघ्यावर न येणारा व्यायाम करा. पुण्यातल्या पुतण्याला हे कळलं. लॉकडाऊनमध्ये एक व्यायामशाळा बंद पडली होती, तिचं सामान विक्रीला निघालं, त्यातलं एक मशीन त्याने उचललं आणि टेम्पोने पाठवून दिलं. फोनवर म्हणाला, "तात्या, याला लाइट लागत नाही. मॉनिटरला दोन मोठे सेल, बस." आमच्याकडच्या भारनियमनाचा त्याला पक्का अनुभव होता.

मशीन ओसरीत उतरवलं तेव्हा गल्ली जमा झाली. लांबलचक रूळ, त्यावर चाकांवर मागेपुढे सरकणारी बैठक, पुढे जाळीच्या गोल डब्यात पंखा, आणि पंख्याला फिरवणारी साखळी. साखळीच्या टोकाला लाकडी मूठ. आमच्या सौभाग्यवतींनी बघितल्या बघितल्या नाव ठेवलं, होडी. तेच आजही चालतं. धरणाच्या गावात राहूनही होडीत बसलेली माणसं आमच्या गल्लीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सिंदफणेवरचं माजलगाव धरण आम्ही पाहतो ते भरलं की नाही हे बघायला. उन्हाळ्यात ते तळाला जातं आणि आमच्या दारात टँकर येतो.

होडीची अवस्था वाईट होती. वर्षभर बंद खोलीत पडलेली. रुळावर घामाचे वाळलेले पांढुरके डाग, बैठकीच्या चाकांना काळा चिकटा, साखळीवर गंजाची तांबूस झाक. मूठ ओढली की खर्र आवाज यायचा आणि साखळी मध्येच एका जागी अडखळायची. पुतण्याने कंपनीची देखभालीची पानं पाठवली होती. ती मी वहीत उतरून घेतली, मास्तराची सवय. रूळ रोज पुसायचा. साखळीला दर 50 तासांच्या वापराने तेल द्यायचं. साखळी मुठीला जोडणारा आकडा झिजला का ते बघायचं. वापर झाल्यावर मूठ पुढच्या खुंटीवर अडकवून ठेवायची नाही, पार जाळीपर्यंत आत जाऊ द्यायची. कारण साखळीला परत ओढून घेणारा आतला इलास्टिकचा दोर ताणलेला राहिला तर लवकर सैल पडतो.

हे शेवटचं वाचलं आणि मला वडील आठवले. आमच्या विहिरीवर मोट होती. मी दहा वर्षांचा असेन. संध्याकाळी मोट सुटली की वडील पहिल्यांदा बैल सोडायचे आणि मग नाडा आणि सोंदूर सैल करून ठेवायचे. ताणलेला नाडा रात्रभर ठेवला तर तुटतो, असं ते म्हणायचे. चाकाच्या कण्याला ते रोज सकाळी वंगण द्यायचे. चाक कुरकुरायला लागलं की त्यांना ते खळ्यावरसुद्धा ऐकू यायचं आणि हातातलं काम टाकून ते विहिरीकडे जायचे. कुरकुर म्हणजे बैलाच्या खांद्यावर जास्तीचं ओझं, एवढं साधं गणित होतं. 1972 च्या दुष्काळात विहीर आटली आणि मोट थांबली ती थांबलीच. पुढे पाणी लागलं तेव्हा विजेची मोटार बसली. पण धावेवरून खाली जाणारे बैल, भरून वर येणारी मोट, थारोळ्यात पडणारं पाणी आणि रिकामी मोट खाली सोडत मागे येणारे बैल, ही लय माझ्या अंगात राहिली असावी. होडीवर बसलो की तीच लय सापडते. जोर लावून मागे जायचं, सावकाश पुढे यायचं.

साखळी घेऊन कुणाकडे जायचं हा प्रश्न नव्हता. बाजारात सायकलवाले चाचा आहेत. माझी नोकरीतली सायकल त्यांनीच चालती ठेवली. त्यांना ओसरीत आणलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, साखळी पूर्ण बाहेर ओढायला लावली आणि डोळ्यांच्या पातळीला धरून पाहिली. सरळ ताणलेल्या साखळीत एका जागी बारीक कुबड दिसलं. "ये देखो गुर्जी, ही कडी अकडलीय." त्यांनी ती कडी दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू डावी-उजवीकडे हलवली, थेंबभर तेल सोडलं, पुन्हा हलवली. पाचेक मिनिटांत कुबड गेलं.

मी ग्रीसचा डबा आणून ठेवला होता. त्यांनी तो बाजूला सारला. आमच्या फुफाट्यात ग्रीस म्हणजे धूळ धरून ठेवायचं साधन. ग्रीसमध्ये बसलेली धूळ कानशीसारखी लोखंड खाते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेलही नको, ते महिन्याभरात चिकट होतं. गंज सोडवायचा फवारा तर कंपनीनेच नको म्हटलेला, कारण तो आतलं तेल धुऊन नेतो. शेवटी शिलाई मशीनचं तेल ठरलं. चमचाभर तेल जुन्या धोतराच्या फडक्यावर घ्यायचं, साखळी त्या फडक्यातून टोकापासून टोकापर्यंत ओढायची आणि मग कोरड्या फडक्याने जास्तीचं टिपून घ्यायचं. चाचा म्हणाले, "साखळीनं तेल प्यायला पाहिजे, तेलात नहायला नाही पाहिजे." वहीत मी हे वाक्य कंपनीच्या सूचनांच्या वर लिहून ठेवलं आहे.

सायकलवाल्याने हे मशीन दुरुस्त करावं यात नवल नाही, हे मला नंतर कळलं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ड्रायसिगेकर नावाचे दोन भाऊ होड्यांसाठी वल्ही बनवायचे. तिथे हिवाळ्यात पाणी गोठतं, वल्हवता येत नाही. त्यांनी एक सायकल गोठ्यासारख्या कोठाराच्या जमिनीला ठोकली आणि तिच्या साखळीचं मोकळं टोक बसल्या जागी ओढून पाहिलं. त्यातून 1981 मध्ये त्यांचं पहिलं रोइंग मशीन तयार झालं. पंख्याच्या जागी सायकलचंच चाक होतं. त्यांच्याकडे पाणी गोठलेलं आणि आमच्याकडे आटलेलं, पण मूठ ओढायची ती अशीच.

तर तो माघ. ओढ हलकी आणि मीटर तेवढेच. मी पुतण्याला फोन केला. त्याने विचारलं, "तात्या, ड्रॅग फॅक्टर किती दाखवतंय?"

या आकड्याकडे मी तोवर पाहिलंच नव्हतं. आपण मूठ ओढतो तेव्हा पंखा जोरात फिरतो. आपण पुढे येतो त्या क्षणभरात हवेच्या अडथळ्याने त्याचा वेग उतरतो. तो किती झपाट्याने उतरला हे मॉनिटर दर ओढीला मोजतो आणि त्यावरून पंख्याला हवा किती अडवते आहे याचा आकडा काढतो. तोच हा ड्रॅग फॅक्टर. पंख्याच्या बाजूला एक ते दहा आकड्यांची खिट्टी असते. ती वर नेली की आत हवा जास्त शिरते आणि ओढ जड होते. माझी खिट्टी कायम पाचवर. आकडा काढून पाहिला तर 84. पुतण्या म्हणाला, "पाचवर एकशेवीसच्या आसपास यायला पाहिजे. आत कचरा बसलाय. पंख्याला हवाच मिळत नाही, मग तुम्हाला हलकं लागणारच."

मी फोन ठेवला आणि थोडा वेळ ओसरीतच बसून राहिलो. आयुष्यभर उलटं पाहत आलो होतो. कणा कोरडा पडला की मोट जड. आखाला वंगण नाही की गाडी जड. जात्याच्या खुंट्यात पीठ अडकलं की जातं जड. मळलेली वस्तू जड होते आणि माणसाला, बैलाला कळवते. हे एकच यंत्र मळलं की हलकं होतं. ते तक्रार करत नाही, उलट तुम्हाला खूश करतं. मला त्याचा राग आला नाही, पण त्या दिवसापासून मी मुठीवर विश्वास ठेवायचं सोडलं आणि आकड्यावर ठेवायला लागलो.

रविवारी पंख्याचं बाहेरचं झाकण काढलं. स्क्रू ज्या क्रमाने निघाले तसे ताटलीत मांडून ठेवले. आतली जाळी दिसली आणि मला ती जाळी आहे हेच क्षणभर कळलं नाही. बारीक भोकांवर रुईचे तंतू, फुफाटा आणि केस एकावर एक बसून धनगराच्या जेनीसारखा थर झाला होता, करड्या रंगाचा. नखाने कडेला धरून ओढला तर हातभर लांब सलग सुटून आला. माझ्या मिठीइतक्या डब्यात दोन महिन्यांचा माजलगावचा वारा असा वळून बसला होता. आमच्या मुलीने पाठवलेला व्हॅक्युम क्लीनर माळ्यावरून काढला. फुंकून काढायचं नाही, ओढून काढायचं, म्हणजे धूळ आत बेअरिंगपाशी जात नाही. पंख्याच्या पात्यांवरची धूळ रंगाच्या मऊ ब्रशने सुटी केली. ओलं फडकं आत लावलं नाही.

झाकण बसवलं, खिट्टी पाचवर, दहा ओढी. आकडा 121. मूठ जड होती. पहिल्या पाच मिनिटांतच दम लागला आणि खरं सांगतो, तो दम मला फार बरा वाटला.

आमच्या जिल्ह्याला धावणं माहीत आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्णपदकापर्यंत पोचला, हे इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. पण वल्हवण्याचं नाव काढलं की पोरं धरणाकडे बोट दाखवून विचारतात, "कुठं ओ सर, त्या चिखलात?" मग मी त्यांना दत्तू भोकनळ सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा, तळेगाव रोहीचा, आपल्यासारख्याच पाणी नसलेल्या मुलखातला. पेट्रोल पंपावर काम केलेला मुलगा सैन्यात गेला, तिथे हातात वल्हं आलं, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि 2018 ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्ण मिळवलं. पाण्यात उतरण्याआधी अशी माणसं याच जातीच्या मशीनवर तासन्तास घाम गाळतात. आता गल्लीतली दोन मुलं शनिवारी येतात. माझी एकच अट आहे. उठल्यावर रूळ स्वतः पुसायचा. ओलं फडकं, मग कोरडं. घामातलं मीठ रुळावर राहिलं की बैठकीची चाकं खातं. अर्ध्या तांब्या पाण्यात काम होतं, टँकरच्या दिवसांतही तेवढं पाणी आम्ही होडीसाठी ठेवतो.

जाळी आता मी वर्षातून दोनदा उघडतो. एकदा फाल्गुनात, जिनिंग थंडावल्यावर, आणि एकदा खंडेनवमीला. वडील त्या दिवशी नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, सगळं घासून पुसून भिंतीशी मांडायचे. आमच्या अंगणात आता नांगर नाही. मी होडी बाहेर काढतो. साखळी पूर्ण ओढून एकेक कडी उजेडात पाहतो, आकडा तपासतो, पायपट्ट्या आवळतो, जाळी साफ करतो. मग सौभाग्यवती हळदकुंकू लावतात, पण रुळाला आणि साखळीला नाही, पुढच्या पायाला. झेंडूची माळही तिथेच. कुंकवाची पूड रुळावर पडली तर चाकांत जाते, हे त्यांना मी एकदाच सांगितलं होतं.

गेल्या दसऱ्याला पहाटे त्या माझ्याआधी उठल्या. वर्षभरापासून त्याही दहा मिनिटं ओढतात, पदर खोचून. मी अंथरुणातून ऐकत होतो. साखळीचा आवाज स्वच्छ, मध्ये कुठे अडखळ नाही. चार-पाच ओढी झाल्या आणि आवाज थांबला.

"अहो," त्या ओसरीतून म्हणाल्या, "आज लई जड लागतीय ही."

"काल साफ केली ना," मी म्हणालो.

"हां, मग बरोबर." आणि साखळी पुन्हा सुरू झाली.